टायर मोठे घेताना गिअरचा हिशोब

नाशिकच्या महिंद्राच्या कारखान्यात थार तयार होते आणि टायर बनवणाऱ्या सीएटचा कारखानाही सातपूरलाच आहे. साहजिकच गाडी दारात येऊन पहिली सर्व्हिसिंग होण्याआधीच मित्रमंडळींत विषय निघतो : तेहतीस इंची घालायचे का? टायरवाला हो म्हणतो, तो त्याचा धंदा आहे. गाडी थोडी उचलावी लागेल, मडगार्डला घासेल तिथे कापावे लागेल, एवढ्यावर बोलणे संपते. ॲक्सलच्या हौजिंगमधल्या क्राऊन-पिनियनचे, म्हणजे रेशो ठरवणाऱ्या गिअरच्या जोडीचे, नाव त्या दुकानात सहसा कोणी काढत नाही. पुढे कसारा घाटात गाडी दम खाऊ लागली की संशय इंजिनावर जातो. डिझेल फिल्टर बदलला जातो, कोणी ट्यूनिंगचा डबा लावून देतो. इंजिन बिचारे पहिल्याइतकीच ताकद देत असते.

माझे म्हणणे असे, की टायर आणि ॲक्सलचा रेशो ही एकच खरेदी आहे. रेशो बदलण्याची ऐपत किंवा सोय नसेल तर टायरमध्ये एका पायरीवर थांबावे. नाशिककराच्या नेहमीच्या वाटांना ती एक पायरी बहुतेक वेळा पुरते.

आधी मापे. टायरवर २५५/६५ आर १८ असे लिहिलेले असते. २५५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १८ इंच रिम. रिमचे इंच २५.४ ने गुणायचे, त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवायची, की टायरचा व्यास निघतो. २०२० साली आलेल्या थारच्या एलएक्सवर हेच माप आहे; त्याचा व्यास ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. त्याच थारच्या एएक्सवर २४५/७५ आर १६ येतो, तो ७७४ मिलिमीटरचा. जुन्या सीआरडीई थारचा २३५/७० आर १६ जेमतेम २९ इंचांचा, बोलेरोचा २१५/७५ आर १५ पावणेअठ्ठावीसच्या घरातला आणि जिम्नीचा १९५/८० आर १५ सव्वासत्तावीसचा.

हे आकडे एकदा शेजारी शेजारी मांडले की मित्राचा सल्ला तुम्हाला का लागू पडत नाही ते कळते. तेहतीस इंची टायर नव्या थार एलएक्सला सहा टक्क्यांनी मोठा आहे. तोच टायर जुन्या सीआरडीई थारला चौदा टक्क्यांनी मोठा आणि जिम्नीला एकवीस टक्क्यांनी. एकाला सहज झेपला म्हणून दुसऱ्याला झेपेल असे नाही. दोघांच्या गाडीवर नाव थारच असले तरी.

टक्केवारी का मोजायची? टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त जमीन कापते आणि तेवढ्याच प्रमाणात चाकाशी मिळणारा जोर कमी होतो. ॲक्सलचा रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्ट किती फेरे मारतो तो आकडा. समजा तुमचा रेशो ४.१० आहे आणि ३१ इंचांवरून तुम्ही ३५ इंचांवर गेलात, तर गाडीला तो ३.६३ असल्यासारखा भासतो. पहिल्यासारखा जोर परत हवा असेल तर जुना रेशो गुणिले नवा व्यास, भागिले जुना व्यास. इथे उत्तर ४.६३ च्या आसपास येते. अगदी तोच आकडा बाजारात मिळणार नाही, जवळचा घ्यावा लागतो. दोन आकड्यांच्या मध्ये अडकलात तर डिझेल इंजिनाला आणि बरेचसे हायवेवर चालवणाऱ्याला खालचा चालतो; पेट्रोल इंजिनाला, कॅरिअर-विंच-तंबू असे ओझे वाहणाऱ्याला वरचा घ्यावा.

माझ्या अंदाजाचे टप्पे असे : व्यास तीन टक्क्यांपर्यंत वाढला तर फरक मीटरलाच कळतो, पायाला नाही. पाच-सहा टक्क्यांना चढावर एक गिअर आधी पाडावा लागतो, थारच्या २.२ लिटर डिझेलसारखे १,६०० आरपीएमपासून ३०० न्यूटन-मीटर देणारे इंजिन असेल तर ते निभते. दहा टक्क्यांच्या पुढे क्राऊन-पिनियन बदलल्याशिवाय जाऊ नये. क्लच आधी बोलेल. ऑटोमॅटिक असेल तर ती काहीच बोलणार नाही, टॉर्क कन्व्हर्टर सगळे झाकून नेईल आणि गिअरचे तेल तापत राहील, हे त्याहून वाईट.

जुन्या जीपवाल्यांचा हिशोब मात्र उलटा चालतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबीला ६.००-१६ चे टायर आणि ४.८८ चा रेशो होता. पुढे महिंद्राने वर्षानुवर्षे बांधलेल्या सीजे ३बी घराण्यात तो ५.३८ झाला. ८० च्या वेगाला, तिच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या गिअरमध्ये, त्या छोट्या टायरवर इंजिन साधारण ३,२०० आरपीएमवर ओरडत असते. ही जीप मुंबई-आग्रा रस्त्यावर बसणाऱ्याचे कान का किटवते ते यात आले. तिला ३१ इंची टायर घातला की ५.३८ चा परिणाम ४.९१ होतो, म्हणजे जवळपास विलिस एमबीचाच. तेव्हा शेतावर किंवा कोणाच्या शेडमध्ये पडलेली जुनी जीप उभी करत असाल तर तिच्यात आधीच खोल, म्हणजे मोठ्या आकड्याचा, रेशो असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ३१ इंची टायर तिला खर्चाविना मानवेल. मात्र गृहीत धरू नका. चाळीस वर्षांत तिच्या पोटात कोणी काय बसवले असेल ते कोणालाच माहीत नसते, कागदपत्रांना तर नाहीच.

रेशो मोजायला हौजिंग उघडावे लागत नाही. गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गिअर न्यूट्रल, फोर व्हील सुटलेले, हँडब्रेक खाली. मागचे एकच चाक जॅकवर उचला आणि ॲक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेले चाक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे या दोन फेऱ्यांत क्राऊन एकदाच फिरतो. शाफ्ट चार फेरे आणि वर थोडा फिरला तर ४.१०, पाचाला थोडा कमी राहिला तर ४.८८, पाच आणि तिसऱ्या भागाहून जरा जास्त असेल तर ५.३८. नक्की आकडा दातांतच असतो : क्राऊनचे ४३ आणि पिनियनचे ८ दात म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४१ आणि १० म्हणजे ४.१०. पुढच्या ॲक्सललाही हीच परीक्षा घ्या. पुढे एक आणि मागे दुसराच रेशो असलेली गाडी टू व्हीलमध्ये वर्षभर गुण्यागोविंदाने चालते, आणि ज्या दिवशी चिखलात फोर व्हील टाकाल त्या दिवशी ट्रान्स्फर केस मोडू शकते.

रांगण्याच्या वेगासाठी आणखी एक गुणाकार करायचा : पहिला गिअर गुणिले लो रेंज गुणिले ॲक्सल. सीजे ३बीचा पहिला गिअर २.७९८, लो २.४६, ॲक्सल ५.३८, गुणाकार ३७. इंजिन ८०० आरपीएमवर असताना ती जीप ताशी तीन किलोमीटरला थोडी कमी अशी सरकते, माणसाच्या रमतगमत चालण्यापेक्षाही हळू. त्याच जीपला ३३ इंची टायर घातला तर हा वेग साडेतीनच्या घरात जातो. कागदावर फरक क्षुल्लक दिसतो. पण ओल्या कातळावरून उतरताना तुम्ही ब्रेकवर पाय ठेवणार की गाडी इंजिनावर सोडून देणार, हे त्या अर्ध्या किलोमीटरवर ठरते. दगडांतच रमणाऱ्याने म्हणून ॲक्सलआधी ट्रान्स्फर केसकडे पाहावे. लो रेंजचे गिअर बदलले की हायवेचा आरपीएम सहसा फारसा बदलत नाही. जिप्सीच्या परदेशी भावंडाला, सुझुकी सामुराईला, चाराच्या पुढचे लो रेंजचे किट मिळतात ते अशा रांगण्यासाठीच. हौस दगडांत रमणाऱ्यांची आहे, पैसेही त्यांनाच मोजू द्यावेत. बाकीच्यांनी एवढ्या खोलात शिरण्याचे कारण नाही.

आता जमिनीकडे. नाशिकहून कोणत्या दिशेला जाता यावर टायर ठरवा. निफाड, दिंडोरी, येवला या बाजूला काळी माती. परतीचा पाऊस पडून गेला की द्राक्षबागेच्या कडेची वाट लोण्यासारखी होते, दहा फेऱ्यांत टायरच्या खाचा भरतात आणि टायर गोटा होऊन बसतो. इथे रुंदीचा उपयोग नाही. अरुंद टायर माती कापून खालच्या घट्ट थराला लागतो, रुंद टायर वरच्या वर तरंगतो आणि आडवा सरकतो. नक्षी मोकळी हवी, ठोकळ्यांमध्ये बोट बसेल एवढी जागा हवी, म्हणजे चाक फिरल्यावर माती झटकली जाते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो. तिथे मुरुमाच्या वाटा, ओढे आणि शेवाळलेला बसाल्ट. कातळावर खोल नक्षीपेक्षा मऊ, वाकणारी टायरची भिंत कामाला येते. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे मुरूम आणि धारदार खडी, तिथे भिंत जाड हवी. या तिन्हींना आणि वर शहरातल्या रोजच्या फेऱ्यांना मिळून एकच टायर घ्यायचा तर चांगला ऑल टेरेन. मड टेरेन डांबरावर गोंगाट करतो, पावसात ओल्या सिमेंट रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे दहातले नऊ किलोमीटर डांबर-सिमेंटवरचेच असतात. भातखाचरात गाडी घालून टायरची परीक्षा घेणारेही दरवर्षी दिसतात. ते कोणाचे तरी पोट आहे. तसेच, कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, ते तुमचे मैदान नव्हे. हात साफ करायचा तर महिंद्राचा ऑफरोडचा प्रशिक्षण ट्रॅक इगतपुरीतच आहे.

माप वाढवण्याआधी हवा कमी करून पाहा. फुकटचा उपाय असल्यामुळे त्याची किंमत कोणाला नसते. रस्त्यावर ३२ पीएसआय ठेवत असाल तर चिखलात आणि दगडांत १८ ते २० वर आणा. टायर जमिनीवर लांबट पसरतो, पकड वाढते आणि दगडाला गुंडाळून घेतो. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळणात टायर रिममधून निघतो. डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, त्यासाठी गाडीत कंप्रेसर हवा. कमी हवेवर समृद्धी महामार्गावर चढलात तर तापलेल्या सिमेंटवर टायरच्या भिंती मळल्यासारख्या होऊन फुटतात.

मोठ्या टायरने नेमके काय मिळते तेही लक्षात घ्या. व्यास चार इंच वाढला तर गाडी दोन इंच उचलली जाते, निम्मीच. पण ही दोन इंच हौजिंगच्या खाली मिळतात, आणि ती दुसऱ्या कशाने सहसा मिळत नाहीत. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, मागचा डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच लोंबकळत राहतो. वाटेतला दगड नेहमी त्या गोळ्यालाच लागत असेल तर टायर हे उत्तर आहे. एक चाक हवेत जाऊन गाडी अडकत असेल तर उत्तर डिफरन्शियल लॉक हे आहे. मोठा टायर हवेत तितक्याच उत्साहाने फिरतो. आणि गाडी टू व्हील ड्राइव्हची असेल, तर तिला ३३ इंची घालून फक्त पार्किंगमध्ये रुबाब वाढतो.

क्राऊन-पिनियन बदलायचेच ठरले, तर दोन्ही ॲक्सलचे सेट हातात पडेपर्यंत टायरची ऑर्डर देऊ नका. जुन्या जीपचे सेट शोधल्यावर मिळतात. नव्या थारसाठी वेगळ्या रेशोचा सेट कोपऱ्यावरच्या दुकानात लटकलेला नसतो. सेट म्हणजे जोडीच घ्यायची, एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन कधीच नाही. ते एकत्र घासून जोडी लावलेले असतात. हेही माहीत असू द्या की रेशो जितका खोल तितका पिनियन लहान, आणि लहान पिनियनचे दात तुलनेने नाजूक.

या कामाचा मिस्त्री कसा ओळखायचा? तो काम सुरू करण्याआधी डायल गेज काढतो का ते पाहा. पिनियनच्या बेअरिंगवर किती ताण द्यायचा, क्राऊन आणि पिनियनमध्ये केसाएवढा प्ले किती ठेवायचा, हे तो शिम घालून-काढून जुळवतो. मग क्राऊनच्या तीन-चार दातांवर मार्किंगचा रंग पातळ लावतो, चाक हाताने पुढे-मागे फिरवतो आणि रंग कुठे पुसला गेला ते बघतो. डाग दाताच्या मधोमध, लांबट यायला हवा. डाग दाताच्या टोकाकडे किंवा मुळाशी सरकला असेल, तर सगळे पुन्हा खोलून शिम बदलायची. हे तीन-चारदा करावे लागते आणि एका ॲक्सलला दिवस जातो. दोन तासांत दोन्ही ॲक्सल करून देतो म्हणणाऱ्याच्या हौजिंगमधून साठच्या पुढे घरघर सुरू होते, आणि ती सुरू झाल्यावर दात वाचत नाहीत. बदल झाल्यावर पहिले काही दिवस वेग आणि ओझे बेताचे ठेवा, मधे मधे थांबून हौजिंग थंड होऊ द्या. पाचशे ते आठशे किलोमीटरला तेल बदला. पहिल्या तेलात बारीक लोखंडी चुरा येतो, तो यायचाच.

टायर बसवल्यावर शोरूमसमोर फोटो काढण्याआधी पुढचे एक चाक उंच दगडावर किंवा रॅम्पवर चढवा आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. सपाट जमिनीवर न घासणारा टायर इथे घासतो. ब्रेकची नळी ताणली जाते की काय तेही याच वेळी दिसते. बाहेर काढलेल्या ऑफसेटचे रिम दिसायला दणकट वाटतात, पण व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर ताण वाढवतात. जड टायरला ब्रेकही उशिरा लागतात, ते पेडलवरून कळत नाही, अंतरावरून कळते. टायर चार नव्हे, पाच घ्या. फोर व्हीलमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचे असेल तर ट्रान्स्फर केसवर पीळ पडतो आणि एबीएस-ईएसपी त्या चाकाला घसरणारे चाक समजते. थारची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते, त्यामुळे जड पाचवा टायर लावल्यावर बिजागरीकडे लक्ष ठेवा.

मीटरची दुरुस्ती विसरू नका. व्यास १२.७ टक्क्यांनी वाढला, तर मीटरवर ११० दिसताना गाडी खरी १२४ ला असते. समृद्धीची मर्यादा १२० आहे, कॅमेरा तुमचा मीटर बघत नाही. ॲव्हरेजही खोटे दिसते : किलोमीटर कमी नोंदले जातात, म्हणून गाडी आहे त्यापेक्षा जास्त पिते असे वाटते. त्या किलोमीटरला १.१२७ ने गुणून मगच कपाळावर हात मारा.

कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ खाली बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटवर कंपनीने स्वतः दिलेले माप. एएक्सवाल्याने एलएक्सचे माप घेतले तर दोन टक्क्यांचाच फरक पडतो, रेशोला हात लावावा लागत नाही आणि आरटीओपुढे दाखवायला कंपनीचेच पत्रक असते. बोलेरोवाल्याला २३५/७५ आर १५ हे माप चार टक्क्यांच्या आसपास पडते आणि जिम्नीला २१५/७५ आर १५ दीड टक्का. गिअरला दोन्ही झेपतात, पण विचारून, लेखी उत्तर घेऊन मगच. टायरवरचा लोड इंडेक्स आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर पोलिसांना शंभर मीटरवरून दिसतो. विमा कंपनीला बदलाची माहिती लेखी द्या आणि पोच जपून ठेवा. दावा नाकारायला तिला एवढे एक कारण पुरते.

शेवटी गाडीच काय ते सांगेल. टायर बदलण्याआधी घरची माणसे आणि सामान भरून कसाऱ्याहून इगतपुरीला चढा, कोणत्या वळणावर कोणता गिअर लागला आणि तापमानाचा काटा कुठे होता ते लिहून ठेवा. टायर बदलल्यावर तेवढ्याच ओझ्याने तोच घाट पुन्हा चढा. जिथे तिसरा चालत होता तिथे दुसरा लागायला लागला, तर रेशोचा खर्च बाकी आहे असे धरून चाला. वर पोचल्यावर इगतपुरीत चहाला थांबाल तेव्हा चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या. नव्या रिमवर ते पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ढिले पडू शकतात.